लिदकाचं ताट

२२ डिसेंबर

पोहोचलो एकदाचे. वाटेत तिमोननं दोनदा गाडी घसरवली आणि दोन्ही वेळा शिव्या मात्र रस्त्याला घातल्या. राजवाडा झकास आहे. भिंतींवर मिशाळ सरदारांची चित्रं, खोल्यांत छतापर्यंत उंच शेगड्या, खाली लांबलचक जेवणघर. मालकांचं घराणं कधीच पांगलं, आता नाताळात खोल्या भाड्यानं देतात. गेनोवेफाबाई म्हणून राखणदार आहेत, स्वयंपाकही त्याच बघतात. आल्या आल्या गरम बीटाचं सार मिळालं, जिवात जीव आला.

किंगा माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, बोग्ना, आपली जुनी टोळी परत जमली गं, आता सगळं छान होईल. तिमोनशी लग्न झाल्यापासून हिला अख्ख्या जगाचं जुळवून द्यायचं असतं.

टोळीत कोनरादही आहे. त्याला बोलावू का, असं तिनं मला आधी विचारलं होतं. मी हो म्हणाले. तिला वाटलं, मी निवळले. वाटू दे.

२३ डिसेंबर

दिवसभर कोनराद पुढे पुढे करत होता. लाकडं आणली, मशरूम चिरले, माझ्या बुटांवरचा बर्फसुद्धा झटकला. दोन हिवाळ्यांपूर्वी हाच माझ्या धाकट्या बहिणीला, लिदकाला, गोठलेल्या तलावावर घेऊन गेला. बर्फ पक्का आहे, चल, भित्री कुठली, असं म्हणाला. परत आला तो एकटाच, आणि बाह्यासुद्धा कोरड्या. दोर आणायला पळालो म्हणे. अरे, हात पुढे करायला दोर लागतो? कोर्टानं अपघात म्हणून फाइल मिटवली. आणि ही सगळी शहाणी मला म्हणतात, किती दिवस धरून बसणार, सोड आता.

संध्याकाळी त्यानं हळूच विचारलं, उद्या माझ्याबरोबर ओप्वातेक मोडशील का. त्या कागदासारख्या पांढऱ्या पोळीचा तुकडा एकमेकांच्या हातून मोडून खाल्ला की वर्षाचं भांडण मिटलं असं मानायचं, म्हणून तो आशा लावून बसलाय. मी म्हटलं, बघू. मनात म्हटलं, मेल्या, तुझ्या समोर उद्या दुसरंच कुणीतरी बसेल.

उद्या एक ताट जास्तीचं मांडायचं असतं, अवचित दारी येईल त्याच्यासाठी. किंगाची आत्या सांगायची, ते ताट कुणाचं नाव घेऊन मांडू नये, नाव घेतलं की तेच माणूस येतं. किंगा हसत हसत सांगत होती. मी नीट ऐकून घेतलं.

२४ डिसेंबर

मांडलं. कोनरादच्या बरोब्बर समोर. ताट ठेवताना ओठांतल्या ओठांत लिदकाचं नाव घेतलं आणि सांगितलं, ये, आणि याला घेऊन जा.

पहिली चांदणी दिसल्यावर सगळे टेबलाशी आले. बसण्याआधी आपापल्या खुर्चीवर फुंकर मारायची, आजच्या रात्री घरी आलेला एखादा मेलेल्या माणसाचा जीव आपल्याखाली चिरडायला नको. तिमोननं बैलासारखी फुंकर मारली, किंगा खुदखुदली. कोनरादनं डोळे मिटून मारली. मी मारलीच नाही. माझं लक्ष त्या रिकाम्या खुर्चीकडे होतं. लिदका आली तर तिथंच बसणार ना, माझ्या खुर्चीवर कशाला बसेल? तशीच टेकले.

कोनरादनं ओप्वातेक पुढे केला. मी हात मांडीवरच ठेवले. त्याचा चेहरा पडला. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

समोरची खुर्ची कोरडी राहिली. कार्प मासा खाऊन उठले तेव्हा माझा स्कर्ट मागून ओलाचिंब होता. तिमोन म्हणाला, वाइन सांडली असेल. वाइन इतकी गार नसते.

२५ डिसेंबर

दुपारी शेगडीपाशी बसले, ती खुर्चीही ओली झाली. पाण्याला शेवाळाचा वास. गेनोवेफाबाईंनी फडकं फिरवता फिरवता विचारलं, काल फुंकर मारली होतीत ना. मी हो म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि छातीवर क्रूस काढला.

लिदका, चुकतेयस तू. तो पलीकडे बसतो. त्याच्याकडे जा.

२६ डिसेंबर

आता मागून हात येतात. बसले की कमरेभोवती. लहानपणी घसरगाडीवर माझ्यामागे बसायची तशीच मिठी. बोटं कडक, गार. कानाशी एकच शब्द, सोड.

कोणाला सोडू? त्याला? तुला मारलं त्याला?

खोकल्यातून पाणी पडलं. किंगा घाबरून रडायला लागली, डॉक्टर आणूया म्हणते. रस्ता बर्फानं बंद. कोनराद दाराशी उभा होता. म्हणाला, बोग्ना, शिव्या घाल, मार मला, पण हे काय चाललंय ते सांग. माझ्याशी बोलू नकोस, असं सांगितलं त्याला.

२७ डिसेंबर, संध्याकाळ

जेवणघरात आहे. यायचं नव्हतं — पाय याच खुर्चीशी आले. बसले, आणि आता उठता येत नाही. गुडघ्याखाली काही कळत नाही.

वही मांडीवर. अक्षर वाकडं येतंय.

ती म्हणते सोड. पुन्हा सोड.

पाणी छातीत — श्वास —

खाली बघितलं. तिचे हात सैल आहेत. केव्हाचेच सैल. तिचं मनगट मी धरलंय, डाव्या हातानं, नखं रुतेपर्यंत. तिला जायचंय आणि मीच —

ती रडतेय.

कोनराद आला. धावत. काय ओळखलं कोण जाणे, पांढराफटक पडलाय, पण थांबला नाही. हात पुढे केलाय. धर, म्हणतो, बोग्ना, या वेळी मी पळणार नाही, धर. किंगा आणि तिमोन मागे ओरडतायत, धर म्हणून.

पेन टाकलं की उजवा हात मोकळा होतो. धरला तर वाचेन, कळतंय मला. आणि मग काय? मग तो मला वाचवणारा. सगळे त्याच्या पाठीवर थाप मारणार. फिटलं म्हणणार.

नाही.

जा तू परत एकटाच. या वेळी सगळ्यांच्या देखत. कोर्टाला सांग, हात दिला होता म्हणून, बघू कोण —

लिदका, हलू नकोस, मी आहे, मी नाही सोड