पाकिटावरचं नाव

गुऱ्हाळावरून, मल्लवी
ता. १२ डिसेंबर १९९१

चिरंजीव बाशमुहन्दिस आयाद यास,
बुश्रामामाचे अ. उ. आ. वि. वि.

देवाच्या दयेने इकडे सगळे बरे आहेत. ऊस तोडणीला आला, गेल्या सोमवारी चरक सुरू झाला. नाताळचा उपास चालू आहे, त्यामुळे काकवी आणि तिळाचं वाटण याशिवाय कुणाच्या ताटात काही दिसत नाही. काहील एक दिवस थंड राहत नाही.

मी सहावी शिकलेला गुळव्या आणि भाचा अलेक्झांड्रियात केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, याची लोकांना मौज वाटते. बाशमुहन्दिस, म्हणजे इंजिनिअरसाहेब, म्हणायचं ते पदवी मिळाल्यावर. पण तुझं नाव यादीत लागलं त्या दिवसापासून गाव तुला दुसऱ्या नावाने हाक मारत नाही, तुझी आईसुद्धा. परवा शेजारीण पाण्याचा नादुरुस्त पंप दारात आणून ठेवून गेली, बाशमुहन्दिस सुट्टीत येईल तेव्हा बघेल म्हणून. मी म्हटलं, बाई, तो रसायनांचा आहे. तर मलाच विचारते, मग पाणी काय रसायन नाही?

मुख्य बातमी अशी की तुझ्या बहिणीला, दिम्यानाला, मल्लवीच्या कापडवाल्यांकडून मागणी आली आहे. मुलगा वहबा औषधांच्या दुकानात असतो, शांत आहे. ईस्टरनंतर साखरपुडा करू म्हणतात. मुलाच्या आईने मला सरळ विचारलं, बाप नाही तेव्हा आम्ही भावाकडेच बघणार, तो इंजिनिअर नक्की होणार ना? मी शब्द दिला. मी शपथ घेत नाही हे तुला ठाऊक आहे, माझ्याजवळ शब्दच काय तो आहे.

एक विचारायचं आहे. रस पातळ असतो तोवर कितीही जाळ घाला, काहील तो पिते. शेवटी रस दाटला की तोच जाळ सोसत नाही, बुडाला करपतं. म्हणून मी चिपाडं ओढून घेतो. तीस वर्षं हात हे करतात, पण कारण मला माहीत नाही. तुझ्या पुस्तकात असेल तर कळव.

सात जानेवारीला, आपल्या नाताळला, ये. इकडची माया तुझ्या वाट्याची वेगळी काढून ठेवली आहे.

तुझा मामा,
बुश्रा


अलेक्झांड्रिया
ता. २८ डिसेंबर १९९१

तीर्थरूप बुश्रामामांस,
आयादचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. जानेवारीत परीक्षा आहेत, नाताळला येणं जमणार नाही. आईला तुम्हीच समजवा, तुमचं ती ऐकते. निदान ऐकल्यासारखं करते.

दिम्यानाचं ऐकून आनंद झाला. वहबाला आधीच सांगून ठेवा की तिला एकदा हसू आलं की ते चर्चमध्येसुद्धा थांबत नाही. लहानपणी तिच्यापायी अबूनांनी प्रार्थना सांगणं थांबवून दोघांनाही बाहेर काढलं होतं.

काहिलीचं म्हणाल तर जाळ ओढून घेणं ही जुनी सवय आहे. उष्णता जितकी जास्त तितकं पाणी लवकर उडतं. करपायला वेळच मिळू नये म्हणून शेवटी जाळ उलट वाढवावा.

आणखी एक. पाकिटावर नुसतं आयाद लबीब लिहिलंत तरी पत्र पोचतं. इथे सगळेच बाशमुहन्दिस आहेत, कॉलेजच्या फाटकावरचा दरवान हसतो.

आईला नमस्कार. मनातून उतरवू नका.

आपला,
आयाद


गुऱ्हाळावरून
ता. २० जानेवारी १९९२

चिरंजीव बाशमुहन्दिस आयाद यास,
मामाचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र मी हौसेने सगळ्यांना वाचून दाखवलं, ती माझी चूक. जाळ वाढवायला मी नको म्हणत होतो. पण आमचा जाळव्या शुक्री म्हणाला, मामा, हे बाशमुहन्दिसचं अक्षर आहे, तुम्ही काय त्याच्यापेक्षा शहाणे? आणि त्याने चुलवाणात चिपाडं कोंबली. काहील अशी करपली की मशिदीपासून चर्चपर्यंत वास गेला. करपलेली काकवी म्हशींपुढे ठेवली, त्यांनीही तोंड फिरवलं. तेव्हापासून शुक्री चुलवाणापुढे माझ्याशी फार अदबीने बोलतो.

काहिलीचं मला काही नाही. पण मी कारण विचारलं होतं, तू उपाय पाठवलास, आणि तोही उलटा. रविवारी प्रार्थनेत माझं लक्ष लागलं नाही. तुझं उत्तर चुकलं ते टोचलं नाही, त्यातली घाई टोचली. लहानपणी काही लपवायचं असलं की तू असाच भरभर बोलायचास.

वहबाची आई तुझ्या निकालाची चौकशी करते. काय सांगू ते कळव. पाकिटावरचं नाव तूर्त राहू दे, मी शब्द दिलेला आहे.

काळजीत असलेला,
बुश्रामामा


अलेक्झांड्रिया
ता. २ फेब्रुवारी १९९२

तीर्थरूप मामांस,
सा. न. वि. वि.

निकाल लागणार नाही, कारण मी परीक्षेला बसलेलोच नाही. ऑक्टोबरमध्येच माझं नाव काढून टाकलं. तिसऱ्या वर्षाला दोनदा नापास झालो, दोन्ही वेळा उष्णतेच्याच पेपरात.

शाळा संपताना मला त्र्याण्णव टक्के पडले, ते नडलं. मला शाळेत इतिहास शिकवायचा होता. त्याला सत्तर टक्के पुरतात, एवढ्या गुणांचं मातेरं कशाला, असं आई म्हणाली, मास्तर म्हणाले, अबूना म्हणाले. तुम्ही काहीच म्हणाला नाहीत, ते मी होकार समजलो.

तुम्हाला हसू येईल, पण मी अजून रोज वर्गात जातो. दुसरीकडे कुठे जायचं ते सुचत नाही. मागच्या बाकावर बसतो, तिथे कोणी मोजत नाही. परवा प्राध्यापकांनी माझ्याकडे बोट करून विचारलं, मागचे बाशमुहन्दिस, तुम्ही सांगा. मी उभा राहिलो आणि उत्तर बरोबर दिलं. ते शाबास म्हणाले. त्या दिवशी मी जेवलो नाही. दरवान म्हणतो, वहीत तुमचं नाव नाही, पण पत्रं या नावाने येतात, म्हणजे तुम्ही आमचेच. पत्रांसाठी त्या फाटकाशी जावं लागतं, आणि फाटकाशी गेलो की आत जातो. घरी येऊ तर कोण म्हणून येऊ? तुमचा शब्द आणि दिम्यानाचं लग्न, दोन्ही माझ्या एका खोट्यावर उभी आहेत. काढून घेतलं तर दोन्ही पडतील.

तुम्ही विचारलेलं कारण आता सांगतो, हे मागच्या बाकावरूनच ऐकलं. पातळ रस काहिलीत सारखा फिरतो. तळाचा तापून वर येतो, वरचा खाली जातो, म्हणून जाळ सगळ्यांत वाटला जातो. दाटला की फिरणं थांबतं. मग बुडाशी जो थर असतो तो तिथेच अडकतो आणि सगळा जाळ एकटा घेतो. तुमचा हात बरोबर होता.

रागवा, पण लिहायचं थांबवू नका.

आयाद


गुऱ्हाळावरून
ता. २७ फेब्रुवारी १९९२

चिरंजीव आयाद,
मामाचे अ. उ. आ. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. मी गप्प बसलो तो होकार नव्हता. सहावी शिकलेल्याने त्र्याण्णव टक्क्यांपुढे काय बोलावं ते कळलं नव्हतं. बोलायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून वहबाच्या घरी गेलो आणि दिलेला शब्द परत मागितला. सगळं सांगितलं. त्याच्या आईने चहा पुढे केला, पण पिऊन घ्या म्हणाली नाही. साखरपुड्याचं आता बघू म्हणाली. तुझ्या आईने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला, तिसऱ्या दिवशी तुझी गादी उन्हात घातली. दिम्याना रडली. मग मला म्हणाली, मामा, त्याला नाताळपासूनच कळवायला हवं होतं की मला संशय आहे, माझंच चुकलं. तुझ्या पत्रातले विनोद तिला खरे वाटले नव्हते.

काल वहबा एकटाच गुऱ्हाळावर आला. सोमवारपासून ईस्टरआधीचा मोठा उपास लागतो म्हणून दोन किलो काकवी घेतली, आणि काहील उतरेपर्यंत उभा राहिला. बोलता बोलता म्हणाला की त्यांच्या घरात काकवी कोणी खात नाही. याचा अर्थ काय घ्यायचा ते मला समजत नाही, दिम्यानाला समजलेला दिसतो.

तुझं कारण शुक्रीला वाचून दाखवलं. त्याला पटलं. पण गाव तुला बाशमुहन्दिसच म्हणत राहील, त्याला माझ्याजवळ इलाज नाही. शेजारणीचा पंपही तसाच दारात आहे. तू मात्र बुडाशी राहू नकोस. मला जेवढा जाळ ओढून घेता आला तेवढा घेतला आहे, आता तू वर ये.

पाकिटावर या वेळी नुसतं आयाद लबीब लिहितो आहे. दरवानाला या नावाचा माणूस सापडावा, एवढीच प्रार्थना.

वाट पाहणारा,
बुश्रामामा