तिळाच्या बदल्यात

प्रिय धाकटे,

तीन वर्षांत तुला पाठवलेलं हे पहिलंच लांब पत्र. आधीची चार डायरीतच राहिली, कारण प्रत्येकात मी स्वतःला जरा जास्तच शहाणी दाखवलं होतं.

इथलं सांगते. बाबांनी मुंग्या पाळल्यात. ‘पाळल्या’ म्हटलेलं त्यांना खपत नाही. कामावर ठेवल्यात म्हणायचं. मागच्या पायरीखाली मुंग्यांचं मोठं बीळ आहे. खोदताना त्या बारीक खडे वर आणून टाकतात आणि त्यात मोहरीएवढे लालबुंद तामडे, म्हणजे गार्नेटचे खडे, असतात. खाणीच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं वाळू चाळलेल्या माणसाच्या नजरेतून ते सुटणार कसे? त्यांनी बिळाशी काचेची बशी मांडली. मुंगीने लाल खडा बशीत टाकला की चिमट्याने एक तीळ तिच्यासमोर. काळा खडा आणला तर काही नाही. दीड महिन्यात त्या शिकल्या. पावसाळ्यात आठवडाभर एकही फिरकली नाही, तेव्हा बाबा म्हणाले, युनियन नसताना संप करतात, कमाल आहे.

दुपारी ऊन तिरपं झालं की मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसते. लाल ठिपक्यांची रांग वर येते, पांढऱ्या ठिपक्यांची खाली जाते. बघता बघता वाटतं, जमिनीच्या पोटात कुणीतरी दिवे लावलेत आणि एकेक आपल्याकडे पाठवतंय. कधी डोळा लागतो. उठावं तर बाबा तसेच वाकलेले, चिमटा धरून.

खडे ते आईच्या अत्तराच्या बाटलीत टाकतात. आई गेल्यावर तिचं सगळं सामान तू एका दुपारी देऊन टाकलंस, तेव्हा कपाटामागे पडली म्हणून वाचलेली ती. त्या संध्याकाळी बाबा तुला म्हणाले होते, पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस. मी शेजारी उभी होते आणि कपड्यांच्या घड्या मीही घातल्या होत्या. हे मी तेव्हा बोलले नाही. पुढे वर्षभराने मुंग्या आल्या आणि बाबा म्हणाले, बाटली गळ्यापर्यंत भरली की धाकटीला बोलवू, रिकाम्या हाताने कोणत्या तोंडाने बोलवायचं.

पण बाटली अर्ध्यावरून पुढे सरकेना. मी रोजचे खडे डायरीत टिपत होते, हिशेबाने ती दोनदा भरायला हवी होती. म्हणून पाच खड्यांना पांढरा ठिपका लावून ते बाटलीत टाकले. दुसऱ्या दुपारी एक मुंगी त्यातलाच एक खडा घेऊन बशीत आली आणि तीळ घेऊन ऐटीत गेली. बाटलीला बूच नव्हतं. त्या आत शिरून तेच खडे पुन्हा पुन्हा आणत होत्या. मला इतकं हसू आलं! संध्याकाळी एक बूच तासून घट्ट बसवलं.

सकाळी बूच गायब. धुवायला टाकलेल्या बाबांच्या सदऱ्याच्या खिशात सापडलं, चष्म्याच्या कापडात नीट गुंडाळलेलं. मुंग्या बूच काढत नाहीत, धाकटे. बाटली भरली असती तर तुला बोलवावं लागलं असतं, आणि तू नाही म्हणाली असतीस तर?

मी बूच परत खिशात ठेवलं. याला आठ महिने झाले. मी मनाशी म्हणायची, त्यांची भीती उघडी कशाला पाडा. खरं कारण तितकं चांगलं नाही. ती पायरी, ते ऊन आणि बाबा मला एकटीला मिळत होते.

आज हे लिहायला बसले ते कालच्या दुपारमुळे. बाबांच्या डोळ्यांवर आता पडदा आलाय, लाल-काळं नीट कळत नाही. एका मुंगीने साधा काळा खडा आणला. मी म्हटलं, बाबा, हा तामडा नाही. ते म्हणाले, माहीत आहे गं, पण एवढं चढून आली, तिला तशीच कशी पाठवू? आणि तीळ दिला. मग माझ्याकडे न बघता, धाकटीला लाल रंग आवडायचा ना, असं विचारलं. बाटली भरणार नाही. तू तिची वाट बघू नकोस. येताना काही आणूही नकोस.

तुझीच,
तुझ्याबरोबर घड्या घालणारी ताई