प्रकाश-नियंत्रक आवरण

४ जानेवारी
कन्येच्या शाळेची टीम रोबोटिक्स स्पर्धेत उतरली आहे. यांचा रोबोट रंग ओळखून डबे वेगळे करतो. पण नुसता रोबोट चालून भागत नाही. परीक्षक मुलांची मुलाखत घेतात, तिलाही मार्क आहेत. विज्ञानाच्या बाईंनी पालकांना विचारलं, सरावापुरते खोटे परीक्षक म्हणून कोणी बसाल का. मी बसणार. ऑफिसात माणसं निवडण्याचंच काम करतो. मुलाखत म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. बायको म्हणाली, म्हणूनच तुमच्याकडे कोणी टिकत नाही. विषय तो नव्हता.
संकल्प: कमी बोलायचं. मुलांना बोलू द्यायचं.

११ जानेवारी
पहिला सराव. कमी बोललो. सुरुवातीला पाऊण तास प्रस्तावना केली तेवढीच.
टीम तिघांची. एक कन्या. दुसरा, सतत हातात पाना घेऊन फिरणारा मुलगा. त्याला सगळे पानाच म्हणतात. तिसरी प्रोग्राम लिहिते. काही विचारलं की आधी विचार करते, मग बोलते. मी तिचं नाव मौनी ठेवलं. मुलाखतीत विचार करणं घातक.
तिला विचारलं, अडचणी काय आल्या. म्हणाली, काका, खिडकीजवळ ठेवला की त्याला लाल डबा केशरी दिसायचा. कितीतरी दिवस आम्हाला कळेचना. मग सेन्सरवर बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा लावला.
बुटाचं खोकं. परीक्षकांसमोर. मी डोळे मिटून घेतले.

१२ जानेवारी
रविवार सत्कारणी. सगळी उत्तरं स्वतः लिहून काढली. अडचण, चूक, कळेचना हे शब्द बाद. पुठ्ठा तर वर्ज्यच. त्याऐवजी 'प्रकाश-नियंत्रक आवरण'. सुरुवात अशी: 'आमचा प्रवास हा नवोन्मेषाचा प्रवास आहे.' लिहून झाल्यावर मलाच भरून आलं.
कन्या म्हणाली, बाबा, आम्ही असं बोलत नाही. म्हटलं, तेच तर सुधारायचंय.

१८ जानेवारी
पाठांतर. पाना 'नवोमेश' म्हणतो. दर वेळी थांबवलं. शेवटी पाणी पिऊन येतो म्हणून गेला, तो आलाच नाही.
मौनीचं पाठ आहे, पण भिंतीकडे बघून म्हणते. म्हटलं, समोरच्याच्या डोळ्यांत बघ. तर माझ्या डोळ्यांत बघून तिने विचारलं, काका, आवरण का लावलं असं विचारलं तर? मी म्हटलं, पुढचं वाक्य म्हणायचं.
बाईंनी हळूच सुचवलं की मुलांना त्यांच्या शब्दांत बोलू दिलं तर बरं. बाई चांगल्या आहेत. अनुभव कमी पडतो.

२३ जानेवारी
कन्या माझ्याशी बोलत नाही. चहा झाल्याचा निरोपसुद्धा आईमार्फत. स्पर्धेचा ताण.

२५ जानेवारी, दुपार (स्पर्धा)
मुलाखतीच्या खोलीत पालकांना प्रवेश नाही. हरकत नाही, दाराला काच होती. बाहेरून मुलांना 'हसा' अशी खूण करत होतो. स्वयंसेवक मुलीने काचेवर आतून कागद चिकटवला.
तिघं बाहेर आली ती तोंडं पाडून. पानाने सांगितलं. परीक्षक बाईंनी विचारलं, हे आवरण कशाचं आहे? तो म्हणाला, प्रकाश-नियंत्रक. त्या म्हणाल्या, ते कळलं, पण कशाचं? मग कन्येने नवोन्मेषाचं वाक्य म्हणून टाकलं. तेव्हा त्या म्हणाल्या, हे तुम्हाला ज्यांनी लिहून दिलं, रोबोटही त्यांनीच केला का?
मौनी रडत होती. आवाज न करता. वर्षभर राबली आहे पोरगी.
मी म्हटलं, हल्ली परीक्षकांचा दर्जाच घसरलाय.

२५ जानेवारी, संध्याकाळ
बाई जाऊन परीक्षकांशी बोलल्या. शंका असेल तर रोबोटच्या टेबलापाशी येऊन मुलांना पुन्हा विचारा, म्हणाल्या. ते तयार झाले. मी कोट सारखा करून टेबलापाशी उभा राहिलो. इतक्या दिवसांनी कन्या थेट माझ्याशी बोलली. म्हणाली, बाबा, तुम्ही गाडीत बसा. प्लीज.
बसलो. बसल्या बसल्या आठवून पाहिलं, तर हा रोबोट चालताना मी अजून पाहिलेलाच नाही. तयारीतून वेळ कुठे मिळाला.
पुढचं बाईंकडून कळलं. टेबल खिडकीशीच होतं. मौनीने पुठ्ठा काढला. लाल डबा भलत्याच बाजूला गेला. पुठ्ठा परत लावला. बरोबर गेला. परीक्षक बाई चक्क जमिनीवर बसून बघत होत्या. मध्येच पाना म्हणाला, खोकं माझ्या आजोबांच्या बुटांचं आहे, त्यांना अजून माहीत नाही. सगळे हसले. मग मौनी जी बोलायला लागली, ती थांबेना.
टीम पुढच्या फेरीत गेली. माझी पद्धत लागू पडायला जरा वेळ लागतो.

१ फेब्रुवारी
पुढच्या फेरीची तयारी मौनी करून घेणार आहे. हे कोणी ठरवलं ते कळलं नाही. मात्र मलाही बोलावणं आलं. बाई म्हणाल्या, यातलं काहीच न कळणाऱ्या माणसाला समजावून सांगायचा सराव हवाय, आणि तिन्ही मुलांनी तुमचंच नाव घेतलं. एकमताने.
गेलो. समोर खुर्चीत बसलो. मौनीने सेन्सरपासून डब्यापर्यंत सगळं सांगितलं. मग विचारलं, काका, समजलं? मी हो म्हटलं.
तिने थोडा वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.