शेवटच्या स्थानकाचा वारस

मी, खाली सही करणारा, वय सत्तावीस, काम फर्निचरच्या दुकानात पॅकिंग, राहणार मोठ्या भावाच्या घराची मागची खोली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाशिवाय, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. परवा माझ्या पित्ताशयातले खडे काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. किरकोळ असते तर माझी सही आधीच कशाला घेतली?

१. बँकेत जे असेल ते दादाला. कपाट आणि कपडेही दादालाच. यावर वाद होणार नाही. वाद पुढच्या गोष्टींवर होईल.

२. छंद म्हणून खेळण्याएवढी रेल्वे जोडणाऱ्या आमच्या मंडळींत प्रत्येकाचा मार्गाचा एक तुकडा असतो. ज्याने त्याने तो घरी बनवायचा आणि सभागृहात आणायचा. सगळे तुकडे बोल्टने जोडले की एक सलग मार्ग होतो. माझा तुकडा म्हणजे मार्गाचे शेवटचे स्थानक. तो सगळ्यांत हलका आहे, जिन्यावरून मी एकटा नेतो. औषधाच्या दुकानाचा मालक, ज्याला सगळे राजे म्हणतात, त्याचा तुकडा उचलायला दोन माणसे लागतात. तो दर वेळी विचारतो, "पट्टी, हे सामान आणतोस कुठून?" मी सारखा मोजत असतो म्हणून मला पट्टी म्हणतात. मी म्हणतो, "मिळतं."

३. कुठून मिळतं, ते आता सांगतो. सांगाडा पोकळ दाराचा आहे. पाण्याने खालून फुगलेली दारे सुताराकडे पडून असतात. फुगलेला भाग कापून टाकावा, वर पुठ्ठ्याची जाळी चांगली निघते. जमीन आमच्या दुकानातल्या पॅकिंगच्या फोमची. दाबल्यावर बोट उमटते तो फोम घेऊ नये. पाय खिडक्या बनवणाऱ्याकडच्या ॲल्युमिनियमच्या उरल्यासुरल्या तुकड्यांचे. माती म्हणजे वाळवून चाळलेला चहाचा चोथा, तो वहिनी साठवते. ही सर्व ठिकाणे मी वहिनीच्या नावे करतो. तिने ती कोणालाही सांगावीत, फक्त राजेला सांगू नयेत.

४. खिडकीवाल्याला मी शोधला. त्याच्या भंगारात उकिडवा बसून बोटे कापून घेतली ती मी. गेल्या महिन्यात पाहतो तर राजे तिथे खुर्चीवर बसून चहा पीत होता. मला त्या दुकानात कधी खुर्ची मिळाली नाही. खिडकीवाला म्हणाला, "तुमचाच दोस्त ना? त्यालाही थोडा माल दिला." दोस्त हा शब्द मी येथे नोंदवून नाकारतो. खिडकीवाल्याला काहीही ठेवलेले नाही.

५. प्रदर्शन पाहून वहिनी म्हणाली होती, "भावजी, तुमचं स्टेशन छानच आहे, पण त्या राजेंचा डोंगर बघा, अगदी खराखुरा." तो डोंगर विकतचा आहे. यावरून वहिनीचा वाटा कमी करत नाही, पण नोंद असावी. त्याच डोंगरापाशी राजेचे महागडे इंजिन धापा टाकते. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "राजे, घोडं दमलं वाटतं." तो नुसता हसला. त्याचे ते हसणेही मला बघवत नाही.

६. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टने सांगितले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. म्हणून दुसरा साक्षीदार राजेला केले आहे. काल त्याच्याकडे गेलो.

"मला काय ठेवलंयस?" त्याने विचारले.

"काही नाही. म्हणून तर सही मागतोय."

"बरं, करतो. आणि बरा होईपर्यंत जड उचलू नकोस. तुझं स्टेशन मी नेईन."

नको तेव्हा चांगले वागायची त्याला खोडच आहे.

७. माझे स्थानक मोडीत काढावे. वस्तूचे वर्णन मापासह द्यावे असे टायपिस्ट म्हणाला, म्हणून आज ते उभे करून मोजले. पाय मंडळींनी ठरवलेल्या उंचीपेक्षा बोटभर कमी भरले. पुन्हा मोजले, तेवढेच. बनवल्यापासून मी त्यांना हात लावलेला नाही. तरी प्रत्येक प्रदर्शनात माझा सांधा रेषेत बसला, आणि तो माझ्या अचूकपणामुळे बसतो, असे मी सर्वांना सांगत आलो.

शेवटच्या स्थानकाला शेजारी एकच, राजेचा तुकडा. तो त्याच्या दुकानामागे उभा असतो. दुपारी राजे जेवायला गेला असताना तिथे जाऊन मोजले. पलीकडचे पाय ठरल्या उंचीचे आहेत. माझ्या बाजूचे करवतीने बोटभर कापलेले आहेत. इंजिन दमत नव्हते, माझ्याकडून निघून चढ चढत होते.

८. वरचा मजकूर खोडत नाही, खाडाखोडीवरून भांडणे होतात. पण राजे साक्षीदार नाही, आणि त्याला ठिकाणे सांगू नयेत ही अटही नाही. माझे स्थानक मोडू नये, राजेला द्यावे. दुसऱ्या कोणाशी ते जुळणार नाही. महागाच्या तुकड्याला करवत लावून तो कोणाजवळ एका शब्दाने बोलला नाही, याचा मला नव्याने राग आहे. असे वागायचे हे सामान तो कुठून आणतो, ते मला सापडलेले नाही.

९. मी वाचलो तर यातले अक्षरही त्याला कळू देऊ नये. साक्षीदार का बदलला, असे तो विचारेल. विचारू द्यावे. स्थानकाचे पाय मी बदलणार नाही.

स्थळ: मागची खोली.
दिनांक: शस्त्रक्रियेच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी.

(सही) वरील लिहिणारा

साक्षीदार:
१. आमच्या दुकानाचा रोखपाल. (सही)
२. खिडक्या बनवणारा. (सही)

दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या, खिडकीवाल्याच्या दुकानात. या वेळी त्याने मला खुर्ची दिली.