काकांच्या भिंतीवरून वायर

राहनाळ (भिवंडी),
८ फेब्रुवारी २००९

चि. बाळारामास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू बहरीनहून फोन करतोस तेव्हा मी रिसीव्हर आईच्या कानाला लावते. तिच्या डोळ्यांना पाणी येतं आणि तुला मात्र नुसता श्वास ऐकू येतो. अर्धांगात गेलेली वाचा परत येईल असं डॉक्टर आता म्हणत नाहीत. म्हणून तुझी सूचना पटली. घरी इंटरनेट घ्यावं, तू पाठवलेल्या लॅपटॉपला कॅमेरा आहेच, तिने तुला निदान बघावं. तुझं कंत्राट संपायला अजून वर्ष आहे. तिच्याजवळ तेवढं आहे का, हे लिहायला हात होत नाही.

नामा केबलवाला पाहून गेला. वायरचं कनेक्शन चांगलं, असं त्याचं म्हणणं. पण खांब रस्त्याला आणि मधे काळूरामकाकांचं घर. वायर त्यांच्या भिंतीवरून आणावी लागेल. जमिनीच्या वाटणीपासून आबांच्या या भावाशी आपलं बोलणं नाही, एकमेकांच्या हळदीला जाणं नाही. दुसरा मार्ग बिनतारी, लॅपटॉपला खोचायचं डेटा कार्ड. लोडशेडिंगमध्येही चालतं आणि कोणाला विचारायला नको. मी कार्डच घ्यावं म्हणते. यातलं खरं कारण लोडशेडिंग की दुसरं, याची मात्र मला खात्री नाही.

प्रकृतीला जप. लोभ असाच ठेव.
तुझी आक्का

---

मनामा, बहरीन,
१९ फेब्रुवारी २००९

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

कार्डच घे. काकांच्या दारात तू उभी राहू नकोस. आबांच्या मयताला ते रस्त्यापर्यंत आले आणि तिथूनच परतले, हे मी विसरलेलो नाही. आईही विसरली नसेल.

तू बी. ए. झालेली बाई लॅपटॉपला आधी हळदकुंकू वाहतेस, मग झाकण उघडतेस, अशी बातमी इथवर आली आहे. वाहत जा, पण बॅटरीवर नको. मी दाढी ठेवली आहे. आईला आधी सांगून ठेव, नाहीतर ओळखायची नाही.

आईच्या पायांवर डोकं ठेवतो. माझ्यावरची माया कमी करू नकोस.
तुझा बाळाराम

---

राहनाळ,
१५ मार्च २००९

चि. बाळारामास अनेक आशीर्वाद.

६ तारखेच्या शुक्रवारी चित्र तुटलं, तेव्हा तू फोनवर हसून म्हणालास की पुन्हा लावू. इथे काय झालं ते मी तेव्हा सांगितलं नाही. चारी बाजूंनी गोदामांचे पत्रे. कार्डाला धड रेंज गच्चीवरच मिळते आणि आईला गच्चीवर नेता येत नाही. तू दिसलास, हसलास आणि तसाच थांबलास, तोंड अर्धवट उघडं. आई बघत राहिली. मग तिने भिंतीवरच्या आबांच्या फोटोकडे बोट केलं, मग तुझ्याकडे, आणि डावा हात स्वतःच्या गळ्याभोवती फिरवला. मला समजायला वेळ लागला. या फोटोला हार का नाही, असं ती विचारत होती.

मी परोपरीने सांगितलं. नंतर तुझा फोन कानाला लावला तर तिने तोंड फिरवलं. त्या दिवसापासून ती पेजही धड घेत नाही.

शेवटी तिला विचारलं, वायर काकांकडून आणू का, हो असेल तर डोळे मिट. तिने मिटले आणि तिला झोप लागली. याला हो म्हणावं का? मला हो हवं होतं म्हणून मी हो धरलं. तुला विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाला असतास.

काका ओटीवर बसले होते. तयार करून नेलेली वाक्यं मी विसरले. ते म्हणाले, वायर काय भिंत खाते का, ठोक म्हनावं खिळे, पन वयनी कशी हाय, जेवते का न्हाय, ते सांग आदी. वर टोमणाही मारला की कालेजात जाऊन हेच शिकलीस का, चुलत्याकडे यायला वायर लागते.

नामाने वायर आणली. लाइट गेली की इंटरनेटचं यंत्र बंद पडतं हे कळल्यावर काकांनी आपल्या इन्व्हर्टरची एक वायरही त्याच खिळ्यांवरून इकडे सोडली. ती मी मागितली नव्हती.

२७ तारखेच्या शुक्रवारी समोर बस. रागावायचं तर माझ्यावर रागाव, पण बस. राग गेल्यावर लोभ असू दे.
तुझी आक्का

---

मनामा,
२८ मार्च २००९

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून राग आला होता. तरी बसलो.

चित्र कुठे अडकलं नाही. मी हात हलवले, पाणी प्यालो, उठून खोलीत फिरलो. जिवंत माणूस जे जे करतो ते सगळं केलं, शेजारचा मल्याळी हसत होता. आईने हात पुढे केला तेव्हा मला पडदाभर तिचा तळहातच दिसला. माझी दाढी चाचपत होती ना ती?

पण मग ती सारखी बाजूला बघू लागली. मी इतका जिवाचा आटापिटा करतोय आणि ही तिकडे काय बघते, असं वाटून वाईट वाटलं. तेवढ्यात कडेला एक गुडघा दिसला, धोतरातला, आणि त्यावर ठेवलेला हात. बोटं थेट आबांची. तू काही बोलली नाहीस, मीही विचारलं नाही. मला त्यांचं तोंड दिसू नये म्हणून ते कडेला बसले, की माझं त्यांना दिसू नये म्हणून, कोण जाणे.

तिरकं बघून आईची मान दुखत असेल. पुढच्या शुक्रवारी त्यांची खुर्ची आईच्या पलंगाला लावून मांड, कॅमेऱ्यात दोघंही मावतील अशी. ते नको म्हणाले, तर मी बोलावलंय म्हणून सांग.

आई पेज घेते का ते लगेच कळव. तुझी माया आहे तशीच राहो.

ती. आईस व ती. काळूरामकाकांस माझा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझा
बाळाराम