ओटीपी बाबांच्या फोनवर

सोम., १२ जाने.
तिसऱ्या वर्षाच्या बी.कॉम.ला आजपासून 'इंटरनेट : ओळख आणि वापर'. विषयाचं नाव ऐकूनच वर्ग हसला. बरोबर आहे, माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवायला निघालेली बाई मी. विचारलं, इंटरनेट असतं कुठे? "फोनमध्ये." "टॉवरवर." मोशीचा सुमीत, शेवटच्या बाकावरून, एकदम ठाम : "मॅडम, रिचार्जमधी आसतंय. रिचार्ज संपला का न्हाई ऱ्हात. मंग?" सगळ्यांत तर्कशुद्ध उत्तर त्याचंच. समुद्राच्या तळाशी केबल असते हे मात्र कोणाला पटेना. सुमीत म्हणाला, "आमच्या आळीत केबल टाकायला रस्ता खांदला त्यो आजून बुजवला न्हाई, आन् समुद्रात टाकली म्हनं!"
लॅबमधले निम्मे कॉम्प्युटर बंद. त्यांच्यावर छान कव्हरं घातलीत. तपासणीला येणाऱ्यांना सगळेच चालू वाटतात.

मंगळ., १३ जाने.
ईमेल. रील बनवण्यात एकेक उस्ताद, पण मेलला फाइल जोडायची म्हटली की हात थरथरतात. बहुतेकांचं मेल खातं अकरावीच्या प्रवेशाला नेट कॅफेवाल्यानं काढून दिलेलं. पासवर्डही त्यानंच ठेवलेला.
पासवर्डवर आले. आळंदीहून येणारा वैभव, मृदंग शिकतो. त्याला म्हटलं, तुझा पासवर्ड सांगू? माऊली आणि पुढे एक-दोन-तीन. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग विचारलं, आणखी कोणाकोणाचा माऊली? हात वर होतच राहिले. देवानं तरी किती जणांची कुलपं सांभाळायची!

बुध., १४ जाने.
संक्रांत. सुट्टी. गुळाच्या पोळ्या तव्यावर फुटल्या. बाकी काही नाही.

गुरु., १५ जाने.
ऑनलाइन फसवणूक. तास मस्त रंगला. प्रत्येकाच्या घरात कोणी ना कोणी फसलेलं किंवा फसता फसता वाचलेलं. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, बँकवाला असो, पोलीस असो, कॉलेजच्या मॅडम असोत. आता आवाजाची नक्कलसुद्धा करतात, मुलीच्या आवाजात आईला फोन येतो, हेही सांगितलं.
गृहपाठ : हे घरातल्या एका मोठ्या माणसाला समजावून सांगा. पहिल्या बाकावरच्या प्रज्ञानं वहीत दोनदा अधोरेखित केलं. पिंपळे गुरवला राहते. वडील चाकणला कंपनीत, मूळ लातूरकडचे. फार कमी बोलते, पण ऐकते सगळं.

शुक्र., १६ जाने.
मेलला दुहेरी कुलूप. पासवर्ड ही एक किल्ली, फोनवर येणारा कोड ही दुसरी. चोराला पासवर्ड कळला तरी कोड नाही, म्हणजे तो दारातच. उदाहरण फार आवडलं त्यांना. मलाही. घरी जाऊन प्रत्येकानं दुहेरी कुलूप लावायचंच, असा दम दिला.
आज बसमध्ये बसायला जागा मिळाली. दिवसच चांगला.

सोम., १९ जाने.
दिवस कसला चांगला!
लॅबमध्ये निम्म्या वर्गाचं मेल उघडेना. सगळ्यांनी गृहपाठ केलाय, अगदी मनापासून. फक्त दुसरी किल्ली वडिलांकडे. पोरांचे नंबर महिन्या-दोन महिन्यांनी बदलतात, ऑफर येईल तिकडे, म्हणून कुठल्याही फॉर्मवर वडिलांचा नंबर टाकायची घराघरात पद्धत. आणि वडील चाकणला. कंपनीत फोन आत नेता येत नाही, गेटवर लॉकरमध्ये ठेवायचा, शिफ्ट सुटली की घ्यायचा. म्हणजे माझ्या वर्गाचे कोड आज चाकणच्या लॉकरांमध्ये जाऊन पडत होते आणि तिथेच मरत होते.
सुमीत : "मॅडम, चोर बी भायेर आन् मालक बी भायेर."
हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. प्रज्ञा मात्र हसली नाही. तास संपल्यावर थांबली. एका आयटी कंपनीत ट्रेनीसाठी तिचं नाव निवडलं गेलंय. ऑनलाइन परीक्षा २८ ला सकाळी अकराला. कॅमेऱ्याचा कॉम्प्युटर घरी नाही, त्यामुळे कॉलेजच्या लॅबमधूनच द्यायची. लिंक मेलवर येणार, मेल उघडायला कोड. परीक्षेच्या साइटवर शिरायला आणखी एक ओटीपी. दोन्ही बाबांच्या नंबरवर. बाबांची तेव्हा पहिली शिफ्ट.
म्हटलं, मग तू स्वतःचं सिम घे, आत्ता वेळ आहे. खाली बघून म्हणाली, "सिम नको, मॅडम. बाबा नाही म्हणतात." एक जुना हँडसेट आहे तिच्याकडे, घरच्या वायफायवर चालतो. सिम नाही.
विसाव्या वर्षी मुलीला स्वतःचा नंबर नाही. संताप संताप झाला. कसला बाप!

बुध., २१ जाने.
प्रज्ञानं घरी सांगितलं. त्या दिवशी बाबा फोन तिच्याजवळ ठेवून जाणार. रजा मागत होते, मिळाली नाही. फोन ठेवणं त्यांना सोपं नाही म्हणे, शिफ्टची बस, सुपरवायझर, सगळं त्याच्यावर. तरी लगेच कबूल झाले.
म्हणजे परीक्षेला त्यांचा विरोध नाही. मग सिमला का? विचारणार होते, विचारलं नाही. प्र.चा चेहरा असा होता की विचारू नये.

सोम., २६ जाने.
झेंडावंदन. नंतर चहाला सुमीत भेटला. फसवणुकीचा धडा त्यानं आजोबांना शिकवला. आता आजोबा कोणाचाच फोन उचलत नाहीत, सुमीतचासुद्धा. "आमी गेटावरनं हाका मारतो आता." माझ्या शिकवण्याला असं यश कधी आलं नव्हतं.
परवा प्र.ची परीक्षा. मलाच धाकधूक.

बुध., २८ जाने.
नीट लिहिते.
प्र. साडेदहाला लॅबमध्ये आली ती पांढरीफटक. बाबा सवयीनं फोन खिशात घालून गेले. इतक्या वर्षांची सवय, पहाटे डबा, ओळखपत्र, फोन, हात आपोआप जातो. चाकणला बसमधून उतरताना लक्षात आलं. पण डोकं चाललं त्यांचं. रात्रपाळीची माणसं त्याच बसनं परत येतात. त्यांच्यातल्या एका शेजाऱ्याकडे फोन दिला, घरी द्या म्हणून. शेजाऱ्यानं आणून दिला तोवर प्र. निघालेली. घरात सिमचा एकच फोन, तो आता आईजवळ, पिंपळे गुरवला. प्र.ला हे सगळं कळलं कारण आईनं त्याच फोनवरून कॉलेजच्या ऑफिसात फोन केला होता.
ठीक आहे, म्हटलं. आईनं फक्त आकडे वाचून दाखवायचे. प्र.नं मेलचा कोड मागवला, मी माझ्या मोबाइलवरून बाबांच्या नंबरला फोन लावला, स्पीकरवर ठेवला.
"नमस्कार, मी प्रज्ञाच्या कॉलेजची मॅडम बोलतेय. आत्ता फोनवर एक ओटीपी आला असेल, तेवढा सांगता का?"
पलीकडून : "नाई सांगणार."
"अहो, मी खरंच मॅडम..."
"माज्या लेकीनं सांगितलंय मला. मॅडम म्हनूनसुदिक फोन येतो म्हनं. ठेवा."
ठेवला!
माझाच धडा माझ्या डोक्यावर आपटला. परत लावला. आता प्र. बोलली, "आई, अगं मीच बोलतेय."
"कोन बोलायलंय?"
"मी प्रज्ञा!"
"आवाज तर तिचाच हाय. पर आवाजाची नक्कल बी करायलेत आता. ते बी तिनंच सांगितलंय."
सुमीत आणि वैभव कॉम्प्युटर जोडायला थांबले होते, ते तोंडात रुमाल कोंबून भिंतीकडे वळले. घड्याळ पुढे सरकतंय. पहिला कोड मेला. प्र. रडकुंडीला आलेली, पण आवाज सांभाळून म्हणाली, "आई, मग तू मला काहीतरी विचार. फक्त मला माहीत असेल असं."
आईनं विचार केला. किती वेळ केला! मग विचारलं, "ल्हान होतीस तवा मी स्वयंपाकाला लागले की तू कुटं लपायचीस? आन् का?"
"दाराच्या मागं. कुकरच्या शिट्टीला घाबरून."
"आन् मंग मी काय करायची?"
"तू कुकर बंद करायचीस. भात पातेल्यात शिजवायचीस. मी शाळेत जाईपर्यंत."
"माय माज्ये, तूच हायस गं! लिही, सांगते."
नवा कोड मागवला. आईनं एकेक आकडा असा सांगितला, जसं लहान मुलाला घास भरवतात. मेल उघडलं. दुसरा ओटीपी. परीक्षेची खिडकी उघडली तेव्हा वेळेतली थोडी मिनिटं गेली होती, पण बसता आलं. मी बाहेर व्हरांड्यात येऊन रडले, उगीच. तिच्या आईसमोर मला इतकी लाज वाटली आणि त्यांचा इतका अभिमान वाटला, दोन्ही एकदम. वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवतेय, पण इतकं मन लावून मला कोणी ऐकलंय असं वाटलं नव्हतं, आणि ज्यांनी ऐकलं त्या बाई कधी माझ्या वर्गात बसल्याच नाहीत.

मंगळ., ३ फेब्रु.
प्र. पास! पुढची फेरी फोनवर. येत्या आठवड्यात कंपनी दिवसा कधीही फोन करणार, नोंदवलेल्या नंबरावर. एकदा लागला नाही की नाव यादीत खाली. नंबर बदलायचा असेल तर गुरुवारपर्यंत.
बाबांचा फोन रोज घरी ठेवणं शक्य नाही. ठेवला तरी मुलाखत तिची, फोन त्यांचा.
प्र. म्हणाली, "मॅडम, तुम्ही याल का घरी? गुरुवारी बाबांची सुट्टी असते. मला बोलायला जमणार नाही." हो म्हटलं. बापाला चार शब्द सुनवायचेच होते.

गुरु., ५ फेब्रु.
संध्याकाळी पिंपळे गुरव. दुसरा मजला, दारात चपला एका ओळीत. आईनं पोहे केले, वर भरपूर शेंगदाणे. "मॅडम, त्या दिशी ठेवला फोन, माफ करा." म्हटलं, ताई, तुम्ही माझ्या सगळ्या वर्गात पहिल्या.
वडील समोर बसले, पाठ ताठ. घरीसुद्धा कंपनीचा शर्ट. मी सुनवायचे शब्द तोंडाशी घेऊन बसलेले. पण त्यांनीच आधी बोलायला सुरुवात केली.
"मॅडम, अकरावीत होती. रिचार्जच्या दुकानातून नंबर गेला कोनाकडं तर. मंग फोन. सारके फोन. घान घान बोलायचे. लेकरू कोनाला सांगंना. जेवायचं सोडलं तवा कळलं आमाला. दुकानदाराशी भांडलो, नवा नंबर घेतला, तर त्योबी कुटून गेला म्हाईत नाई. शेवटी सिम काढून मोडून टाकलं. तवापासून सगळं माज्या नंबरावर. येऊ द्या ज्याला यायचं ते माज्याकडं."
प्र. जमिनीकडे बघत होती. माझे चार शब्द घशातच राहिले. एकोणीस तारखेला मी इथे काय लिहिलं होतं या माणसाबद्दल, आठवलं.
म्हणाले, "आता तुमी म्हनाल नवं सिम घ्या. घेतलंय." उठून कपाटातून पाकीट काढलं. आज सकाळीच, तिच्या नावावर, तिच्या आधारवर. प्र.लासुद्धा माहीत नव्हतं. आई पदरानं डोळे पुसायला लागली. "पर मॅडम, एक सांगा. आता तिला कोनी तरास देनार नाई, असं तुमी सांगू शकता का?"
खोटं बोलता आलं असतं. ब्लॉक करता येतं, तक्रार करता येते, सायबर पोलीस आहेत, सगळं सांगितलं. पण मग म्हटलं, "नाही. असं नाही सांगू शकत. फक्त आता ती एकटी गप्प बसणार नाही, एवढं सांगते." प्र.नं मान वर केली. "नाही बसणार, बाबा."
प्र.नं हँडसेटवर कंपनीची साइट उघडली. नवा नंबर टाकला. नंबर बदलायचा तर आधी जुन्या नंबरावर कोड. बाबांचा फोन वाजला.
त्यांनी चष्मा लावला. वाचला. फोन दोन्ही हातांत धरून बसले.
"हे आकडे सांगितले, का पुढचे माज्याकडं येनार नाईत ना?"
"नाही, बाबा. माझ्याकडे येतील."
"कोनाचा आला, काय आला, मला कळनार नाई."
"मी सांगेन."
ते फोनकडेच बघत राहिले. आईनं माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. मला एकदम जाणवलं, इथून पुढचं बघायला बाहेरच्या माणसानं बसून राहू नये. बस चुकेल म्हणून उठले. कोणी थांबवलं नाही.
दारात चपला घालताना आतून प्र.चा आवाज आला. "बाबा, वेळ संपली त्याची. परत मागवू?"
मी दुसरी चप्पल पायात सरकवली.
"मागव."
मी जिना उतरले.