आम्ही प्यायलेला चहा आणि पुण्याचं बक्षीस

मंद्रूप, मंगळवार

इंद्रजीत दाजींना मेहुणा जोतिरामचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून अर्धाच वाकलोय. उरलेला अर्धा भेटल्यावर.) तुमची शुगर कशी आहे? अक्काचा गुडघा काय म्हणतो? आमच्याकडं सगळी बरी आहेत, मीच तेवढा धड नाही. सकाळपासून बूड टेकत नाही कुठं. हे पत्रसुद्धा उभ्यानं लिहितोय, स्वयंपाकाच्या ओट्यावर, आणि सारजा ओटा मोकळा करा म्हणून मागं लागलीय.

कारण ऐका. गावात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आमची संस्था दुपारचा डबा पोचवते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (पोरं पुण्याला, हैदराबादला, आईबाप इथं.) त्या संस्थेला बक्षीस लागलंय! भाकरीबद्दल नव्हे, हिशेबाबद्दल. पुण्याच्या लोकांनी कुठल्या कुठल्या संस्थांचे वेबसाइटवरचे हिशेब तपासले आणि कुणालाही वाचून कळेल असा आमचा निघाला. आता तुमच्यापासून काय लपवायचं, यात माझी हुशारी काडीची नाही. बाकीच्या संस्था 'प्रशासकीय खर्च' लिहितात, 'संकीर्ण' लिहितात. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून आपलं सरळ लिहीत गेलो. 'आम्ही प्यायलेला चहा.' 'मीटिंगमध्ये भांडण झालं तेव्हा फुटलेल्या कपबश्या.' 'अध्यक्ष चन्नप्पांच्या गाडीचं पेट्रोल (यातलं निम्मं सासुरवाडीला जाण्यात गेलं, ते त्यांनी नंतर भरलं).' पुण्याच्या बाई फोनवर म्हणाल्या, असा हिशेब आम्ही कधी बघितला नव्हता. मी घाबरून म्हटलं, चुकलं असेल तर दुरुस्त करतो की.

इथवर ठीक होतं. पण बक्षिसाची बातमी फुटली आणि जे गाव आमच्या हिशेबाकडं ढुंकून बघत नव्हतं, ते मोबाईल डोळ्याला लावून वाचायला बसलं! आता चन्नप्पा सासुरवाडीला एसटीनं जातात. मीटिंगमध्ये चहा आला की सगळे पंख्याकडं बघतात, कप कुणी उचलत नाही. खजिनदार ईरप्पा घरून थर्मास आणतो आणि भिंतीकडं तोंड करून पितो. परवा कंबर शेकायला मी संस्थेच्या गॅसवर तांब्याभर पाणी तापवलं, तर दोघांनी विचारलं, हे कुठं लिहिणार? लिहिलं, दाजी. करता काय!

(ओटा गेला. आता टीव्हीवर वही ठेवून लिहितोय.)

शनिवारी बक्षीस घ्यायला तुमच्या पुण्याला बोलावलंय. मला लई जायचंय हो. आजवर स्टेजवर एकदाच चढलो, तेही सतरंजी अंथरायला. सारजाही यायलाच पाहिजे, भाकऱ्या तीच भाजते. पण आम्ही दोघं गेलो तर डबा कोण करणार? आणि डबा चुकला तर तेही स्पष्ट लिहावं लागणार : 'चांगल्या कामाचं बक्षीस घ्यायला गेल्यामुळं म्हातारी माणसं उपाशी राहिली.' जगानं वाचावं असं आहे का हे? रात्रंदिवस तेच डोक्यात. तेव्हा ठरवलं, जात नाही. बक्षीस पार्सलनं पाठवा म्हणून कळवतो. मनाला लागतंय, पण चालायचंच. अक्काला नमस्कार सांगा.

तुमचा,
जोतिराम

ता. क. : घडी घालत होतो तेवढ्यात निंगव्वा आली. (डबा खाणाऱ्यांत ही सगळ्यांत थोरली.) सारजानं तिला सगळं सांगितलं. म्हातारी माझ्यावरच उखडली. "जेवून जेवून बक्षीस आमी मिळवलं, आन् तू एकटाच रडत बसलाईस व्हय? आमाला बी ने की! पंच्याहत्तरीच्या फुडं यष्टी फुकट हाय." खरंच की! डबा खाणारी अकराच्या अकरा माणसं पंच्याहत्तरीच्या पुढची. सारजाला अर्धं तिकीट. पुरं तिकीट माझं एकट्याचं, ते खिशातून. संस्थेचा खर्च शून्य! शुक्रवारी दुपारी डबा खाऊनच सगळी निघतोय.

आणखी एक ता. क. : पोस्टानं वेळेत पोचायचं नाही, म्हणून फोटो काढून मोबाईलवर पाठवतोय. शुक्रवारी रात्री तुमच्याकडं मुक्काम, शनिवारी जेवून सोहळ्याला. तेरा माणसं. निंगव्वाला दात नाहीत, तेवढं अक्काला सांगा.

शेवटचं : तुमचा पाहुणचार ही संस्थेला देणगी धरली जाईल आणि ती नावानिशी, पदार्थानिशी वेबसाइटवर लिहावी लागेल. मागच्या खेपेला मी आलो तेव्हा तुम्ही अर्धा कप चहा आणि दोन बिस्किटं दिली होती. तेव्हा आमचा हिशेब कुणी वाचत नव्हतं. आता अख्खं मंद्रूप वाचतं, आणि अक्काचं माहेर मंद्रूपच आहे.